जाळी आणि पत्रा

2022 च्या मे महिन्यात चाकणजवळच्या एका प्लॉटवर शेडच्या पायाचे खोदकाम चालू होते. जेसीबीच्या बकेटमध्ये वाळलेल्या गाळाच्या ढेकळांबरोबर एक कासव वर आले. जेसीबी चालवणारे गृहस्थ म्हणजे आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वालिद. संध्याकाळी रंगाच्या रिकाम्या बादलीत ते कासव घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "सर, वहाँ छोडता तो लोगां मार डालते. आपके घर के पीछे जगा है, पानी है. रख लो." एवढे बोलून ते रात्रपाळीला निघूनही गेले.

आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या गावात ही चैनच म्हणायची. तिथे अम्मीचा गवती चहा, एक पपई आणि कपडे वाळत घालायची दोरी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही, म्हणजे घरातली लहानमोठी सगळी, कामाला लागलो. जमिनीत सिमेंटची पसरट टाकी अर्धी पुरली, चढउतार करता यावा म्हणून कडेला विटांचा उतार केला. भोवती हिरवी जाळी मारली आणि ती फूटभर जमिनीत गाडली, कारण कासव उकरते असे कुठेतरी वाचले होते. एका कोपऱ्यात भुसभुशीत माती आणि पपईची वाळकी पाने टाकली. गांडुळे, गोगलगायी, बाजारातली बारीक मासळी असा खुराक ठरला. मुले इतकी खूश होती की ईद परत आल्यासारखे वाटत होते.

ते कासव गोड्या पाण्यातले, मऊ पाठीचे. इंग्रजीत त्याला फ्लॅपशेल म्हणतात. पोटाच्या कवचाला मागच्या बाजूस दोन झडपा असतात. पाय आत ओढले की झडपा मिटतात आणि कासवाचा डबा बंद होतो. ओढे-तळी आटली की ते गाळात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. थोडक्यात, जेसीबीने ज्याला झोपेतून उठवले त्याला आम्ही घर दिले होते. निदान आमची समजूत तशी होती. शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र दुसऱ्याच दिवशी येऊन हळूच विचारले, "नखं किती आहेत?" वीस नखांचे कासव पैशाचा पाऊस पाडते या वेडापायी आपल्या महाराष्ट्रात किती कासवे पोत्यांतून फिरली असतील, अल्लाह जाणे. आम्ही मोजली. प्रत्येक पायाला तीन, एकूण बारा. गृहस्थ चहा न घेताच गेले.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि कासव बदलले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते जाळीला लागून चालायचे. कोपऱ्यात गेले की नाक जाळीत खुपसून पुढच्या पायांनी ओरबाडायचे, मग वळून पुन्हा तीच वाट. चार दिवसांत त्याच्या नाकाला जखम झाली. आमच्या धाकटीला ते बघवेना.

आमचा मामेभाऊ पूर्वी चाकणच्या एका मोटार कारखान्यात होता, आता अमेरिकेत असतो. त्याच्या अंगणात 'बॉक्स टर्टल' जातीची दोन कासवे आहेत. तीही पोटाच्या कवचाला बिजागरी असलेली, डबा बंद करणारी, पण राहणारी जमिनीवर. फोनवर त्याने लगेच चूक सांगितली. "जाळी काढा. कासवाला पलीकडचं दिसतं म्हणून ते तिकडे जायला बघतं. पत्रा लावा. दिसलं नाही की शांत होईल."

आम्ही भंगाराच्या दुकानातून जुने पत्रे आणले आणि जाळीला आतून बांधले. दोनतीन दिवसांत कासव खरोखर शांत झाले. टाकीत उतरू लागले, खाऊ लागले, नाकाची जखम भरली. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो, "रुळलं बुवा एकदाचं!"

हा शब्द आम्ही किती सहज वापरला. सासरी आलेली मुलगी चार महिन्यांनी रडायची थांबली की आपण म्हणतो, रुळली. बिहारहून आलेला पोरगा दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांबरोबर झोपायला शिकला की म्हणतो, रुळला. त्याला ती जागा आवडली की पलीकडचे दिसेनासे झाले, हे कुणी विचारत नाही. त्या पत्र्याने कासवाची जायची इच्छा मेली होती की नुसती दिशा हरवली होती? बाहेरून दोन्हींचे रूप एकच असते. मामेभावाच्या फोननंतर वाचताना कळले की अमेरिकेतले ते रानातले कासव बहुधा सारा जन्म काही एकरांच्या एका तुकड्यात काढते. तिथून उचलून दूर सोडले तर पुष्कळदा ते जुन्या जागेच्या शोधात चालत सुटते आणि रस्त्यावर चिरडले जाते. म्हणजे त्याच्या डोक्यात घराचा नकाशा असतो. आपण पत्रा लावतो तो त्या नकाशावर.

पाळणे जायज आहे का, असे कुणी विचारले की आपल्याकडे दोन हदीस ठरलेल्या. एका बाईने मांजर बांधून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि बाई अजाबाची धनीण झाली. त्यावरून लोक म्हणतात, खायला घातले की झाले. दुसरी हजरत अनस यांच्या लहानग्या भावाची, अबू उमैरची. त्याने एक छोटा पक्षी पाळला होता आणि रसूलुल्लाह (स.) त्याला लाडाने त्या पक्ष्याची खबर विचारत. त्यावरून उलेमांनी काळजी घेण्याच्या अटीवर पक्षी पाळण्याची मुभा काढली. तो निर्णय चुकीचा आहे असे म्हणण्याची आमची लायकी नाही. पण वर्गात ही गोष्ट सांगताना आम्ही आजवर एक तपशील भरकन ओलांडून जात होतो. तो पक्षी मेला होता. पोर हिरमुसले होते आणि ती विचारपूस त्याच्या दुःखाची होती. पाळण्याच्या बाजूची आपली सर्वांत गोड साक्ष एका मेलेल्या पक्ष्याभोवती उभी आहे, हे त्या पावसाळ्यात पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले. आणि तिसरी हदीस, जी या चर्चेत फारशी कुणी काढत नाही: सफरीत सोबत्यांनी एका चिमणीएवढ्या पाखराची पिल्ले उचलली, आई वर फडफडू लागली, तेव्हा हुकूम झाला तो पिल्लांची काळजी घेण्याचा नव्हे, ती परत ठेवण्याचा.

मग आम्ही कासव लगेच परत का केले नाही? इथे खरे सांगायला हवे.

आम्हाला कायदा माहीत नव्हता असे नाही. जूनअखेरीस माहीत झाला होता. हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. घरात ठेवणे हा गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षे. वनखात्याचा 1926 हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. तो फिरवायला आम्हाला ऑक्टोबर उजाडला. रोज एकच चित्र डोळ्यांपुढे यायचे. दाराशी सरकारी गाडी, गल्लीत गर्दी, आणि कुणाचा तरी आवाज, 'खायला आणलं असेल.' हनफी फिक्हमध्ये कासव खाणे हलाल नाही, हे त्या गर्दीला कोण समजावणार? दुसऱ्या कुणाच्या घरी तेच कासव सापडले तर तो प्राणिमित्र ठरेल, आमच्या घरी सापडले तर काय ठरेल, या हिशेबात चार महिने गेले. आणि या चार महिन्यांना आम्ही नाव काय दिले? प्रेम. मुलांना लळा लागलाय, बाहेर त्याचे हाल होतील, नदी घाण आहे. प्रत्येक कारण अर्धे खरे होते, म्हणूनच त्यांच्या आड लपता आले. भीती आमची होती आणि पत्र्याआड कासव होते.

त्याच दिवसांत शाळेच्या कपाटातले 'इख्वानुस्सफा' पुन्हा हाती आले. दहाव्या शतकात बसऱ्याच्या विद्वानांनी लिहिलेल्या अरबी ग्रंथातला हा प्रसंग मौलवी इकराम अली यांनी 1810 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी उर्दूत आणला. जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसावर खटला भरतात: हा आमचा मालक कुठून झाला? माणूस एकेक पुरावा देतो, आमचा बांधा सुबक, आमची बुद्धी मोठी, आमची शहरे, आमची विद्या. जनावरे प्रत्येक पुरावा खोडतात. शेवटी निकाल माणसाच्याच बाजूने लागतो, पण बुद्धीच्या जोरावर नव्हे, त्याला आखिरत आहे म्हणून. लहानपणी हा निकाल पक्षपाती वाटला होता. आता वाटते, ज्याला हिशेब द्यायचा आहे त्याच्याच हाती जनावर सोपवले, असा त्याचा अर्थ घ्यावा. आपला कायदा याच प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. बेकायदा पकडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, असे कलम 39 सांगते. कुराणात मात्र जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या सगळ्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत कुणाची मालमत्ता कशी असेल? आमच्या घरात तर ते 'आपलं कासव' होते. मुलांनी खडूने पत्र्यावर तसे लिहिलेही होते.

ऑक्टोबरात आम्ही फोन केला. दोन माणसे आली, वर्दीत. गर्दी जमली नाही. त्यातल्या वयस्काने वाकून टाकी पाहिली, पाणी किती दिवसांनी बदलता विचारले, कागदावर आमचा जबाब लिहून घेतला. 'इतके दिवस का ठेवले' या रकान्यात आम्ही 'माहिती नव्हती' असे सांगितले. खोटे बोललो. धाकटी शेजारीच उभी होती आणि कॅलेंडरवरचा नंबर तिनेच लिहिला होता.

कासव कुठे सोडले हे आम्हाला कळले नाही. इंद्रायणीच्या फेसाचे फोटो पेपरात आले की घरात सगळे गप्प होतात. भामा असो, पवना असो, ज्या पट्ट्यात त्याचा ओढा होता तिथे आता शेड आहे. मामेभाऊ म्हणतो, अशा वेळी अंगणच बरे. त्याच्याशी भांडता येत नाही. त्याची कासवे पिंजऱ्यातच जन्मलेली, त्यांच्या डोक्यात कुठला ओढा नाही. तो त्यांना जीव लावतो. पन्नाशी सहज ओलांडणारा हा जीव आपल्या मागे कुणाकडे जाईल याची वसीयतही त्याने करून ठेवली आहे. पण मोडलेली नदी हे अंगणाच्या बाजूचे कारण झाले तर उद्या नद्या मोडण्यालाच आपण दया म्हणू लागू, ही भीती त्याला सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तू मास्तर झालास."

2024 च्या मार्चमध्ये आम्ही वेळासला गेलो. बाणकोटजवळ आमचे पाहुणे आहेत, तिथून ते जवळच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तिथे समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम उभे केले. वाळूवर आमच्यासारखेच जाळीचे कुंपण होते. किनाऱ्यावरच्या घरट्यांतली अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी उचलून त्या कुंपणात पुन्हा पुरतात, पिल्ले निघायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. निघालेली पिल्ले थेट पाण्यात टाकत नाहीत. समुद्रापासून थोडी अलीकडे वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. कुणी मदतीला हात पुढे केला तर गावकरी दटावतात. धाकटीने कुंपणाला हात लावून विचारले, "याला पत्रा का नाही?" तिथला तरुण म्हणाला, "कशाला? ती थांबणार थोडीच आहेत."

आमचे पत्रे आता भंगारात गेले. टाकी तिथेच आहे, तिच्यात अम्मीने अळू लावले. जेसीबीवाल्या भाईंची मुलगी दहावी होऊन कॉलेजला गेली. पण पहिला पाऊस पडला की त्यांचा फोन ठरलेला. "सर, वो कैसा है?" पहिल्या वर्षी आम्ही म्हणालो, नदी में छोडा, मजे में होगा. गेल्या वर्षी सांगितले की कुठे सोडले ते माहीत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जहाँ से निकाला वो जगा मेरे को मालूम है सर. पर वहाँ अभी कंपनी का गेट है."