मध्येच लागणारा दिवा



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामाच्या गाडीत एक लाल दिवा लागू लागला. ब्रेकचा. लागे आणि विझे. गॅरेजमध्ये नेली की मात्र बंद. मेकॅनिकने हँडब्रेक पाहिला (तो जरासा ओढलेला राहिला तरी हाच दिवा लागतो) आणि म्हणाला, "फादर, काही नाही. वायरीत पाणी गेलं असेल." आम्हांला हेच ऐकायचे होते. सण तोंडावर आला होता, गाडी हवी होती. त्याच गाडीतून आम्ही कॅटेकिझमची पाच मुले ठाण्याला नेली आणि आणली.

आमच्याबरोबर येणाऱ्या काकांना ते पटले नव्हते. त्यांनी एका जुन्या डायरीत दिवा केव्हा लागतो, ते लिहायला सुरुवात केली. पाऊस आहे की ऊन, गाडी गरम की गार, रस्ता सरळ की वळणाचा. आठवड्यात पाच नोंदी झाल्या. पाचही घोडबंदरच्या घाटातल्या, वळणावर किंवा उतारावर ब्रेक दाबताना. भर पावसात सपाट रस्त्यावर एकदाही नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने ती डायरी वाचली आणि वायरींना हात न लावता बॉनेट उघडले. ब्रेक ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरले होते. वळणावर ते एका बाजूला जाई, डबीतला तरंगता खटका खाली बसे आणि दिवा लागे. सपाटीवर ऑइल सारखे झाले की विझे. आम्ही म्हणालो, "मग ऑइल भरून टाका." तो म्हणाला, "भरतो, दिवाही जाईल. पण गळती कुठे नाही, मग ऑइल कमी का झालं?" त्याने चाक उतरवले. ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला टेकत आले होते. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा भरायला ऑइल खाली उतरते. ती पाच मुले आठवून आम्ही तिथल्या बाकड्यावर बसलो.

इंजिनच्या पिवळ्या दिव्याचेही असेच. दिवा विझला तरी गाडीचा संगणक दोषाचा कोड काही काळ जपून ठेवतो, त्या क्षणी इंजिन किती तापले होते, वेग किती होता, यासकट. काही जण बॅटरीचा खांब सोडून दिवा घालवतात. त्याबरोबर ही साक्षही पुसली जाते. आधी कोड वाचावा, मग पुसावा. हा दिवा लुकलुकू लागला तर वेग ताबडतोब कमी करावा. आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा क्षणभर जरी चमकला, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तिथे डायरी लिहीत बसू नये.

पापनिवेदनाला येणारे पुष्कळ जण सांगतात, "फादर, कधीकधी राग येतो." आम्ही विचारतो, कधी? उत्तर येत नाही. भावाबरोबरच्या जमिनीचा विषय निघाला की, की पेला हातात आला की? संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या 1548 साली छापलेल्या पुस्तकात यासाठी वहीच सुचवली आहे. एकच दोष निवडायचा, दिवसातून दोनदा आठवायचे आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडायचे. मग सकाळ संध्याकाळशी, आज कालशी ताडून पाहायचे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला हा हिशेब फार कोरडा वाटत असे. काकांची डायरी पाहीपर्यंत तसाच वाटत होता.

आणखी एक. चावी फिरवली की इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. एखादा लागतच नसेल, तर गाडी ठीक आहे असे समजू नये. तो दिवाच गेलेला असतो, किंवा जुनी गाडी विकताना कुणी काढून टाकलेला.

शनिवारी संध्याकाळी पाचपासून आम्ही पापनिवेदनासाठी बसलेले असतो. डायरी आणली तरी चालेल.