आजोबांचे देणे

आजोबांचे कर्ज नातवाने फेडावे, असे आपण सहज म्हणतो. पण आजोबांनी केलेल्या अन्यायाचे काय? न्यूझीलंडमधील माओरींची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे.

माओरी भाषेत जमीन आणि बाळाची वार यांना एकच शब्द आहे. १८४० साली वैतांगीच्या कराराने इंग्रजांनी त्यांना त्यांच्या जमिनीची हमी दिली. १८६३ साली त्यांनीच वायकाटोवर फौज धाडली आणि मग सुमारे १२ लक्ष एकर जमीन जप्त केली. 'जमीन नेलीत, जमीनच परत द्या,' हे मागणे पिढ्यान्‌पिढ्या चालले. अखेर १९९५ साली तडजोड झाली. जमीन व पैसा मिळून १७ कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि माफीचे शब्द असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथने स्वतः सही केली. खाजगी मालकीच्या जमिनींना मात्र हात लावला नाही.

हा न्याय अपुरा आहे. पण आजच्या शेतकऱ्याला हुसकावणे हाही नवा अन्यायच! नुसती जमीन दिली असती तर ते दान ठरले असते. नुसती माफी मागितली असती तर ती थट्टा. दोन्ही एकत्र आली, म्हणून मला तिचे मोल वाटते.

पाप माझे नसेल. पण त्याचे पीक मी खातो आहे ना? लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वह्या पुजतो. हे देणे त्यांतल्या कोणत्या पानावर मांडायचे?