अपयशाचे ऋण : ‘द डिसायपल’ आणि साधनेचे नीतिशास्त्र

कलावंताच्या महत्त्वाकांक्षेला नैतिक समर्थन कोठून मिळते, हा प्रश्न आपण सहसा यशस्वी कलावंतांच्या संदर्भातच विचारतो. थोर गायकाच्या चरित्रातील उपासमार, घरच्यांची हेळसांड, गुरुगृही सोसलेला अपमान या साऱ्यांना त्याची पुढची कीर्ती मागाहून अर्थ प्राप्त करून देते. परंतु ही कीर्ती ज्याच्या वाट्याला आलीच नाही, त्याने सोसलेल्या आणि इतरांना सोसायला लावलेल्या कष्टांचे काय? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा मराठी चित्रपट नेमक्या याच उपेक्षित बाजूने प्रश्नाला भिडतो, आणि म्हणूनच तो केवळ संगीतविषयक चित्रपट राहत नाही.

शरद नेरुळकर हा मुंबईतील तरुण ख्यालगायनाची साधना करतो आहे. गाण्यात फारसे काही हाती न लागलेल्या वडिलांनी त्याला लहानपणीच या वाटेवर आणले आहे. गुरूची तो मनोभावे सेवा करतो. गुरूच्याही गुरू असलेल्या माईंची व्याख्याने रात्री मोटारसायकलवरून जाताना कानात साठवतो. नोकरी आणि लग्न यांविषयीचा घरच्यांचा धोशा तो टाळत राहतो. वर्षे उलटतात. गळा तयार असूनही गाणे ‘होत’ नाही. अखेरीस एका मैफलीत तो मध्येच थांबतो आणि उठून निघून जातो.

तत्त्वचिंतक बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या संकल्पनेची मांडणी करताना चित्रकार गोगँचे उदाहरण काहीसे कल्पित रूपात वापरले होते. कुटुंबाला मागे टाकून कलेसाठी दूर निघून जाणाऱ्या माणसाचा निर्णय योग्य होता की नाही, हे निर्णयाच्या क्षणी ठरू शकत नाही. समर्थन मिळालेच तर ते यशानंतरच मिळू शकते, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार सांगता येईल. या दृष्टीने पाहता शरद हा अयशस्वी गोगँ ठरतो, आणि त्याच्या आयुष्याला कोणतेच समर्थन उरत नाही.

यावर आपल्या परंपरेकडे एक तयार उत्तर आहे : फळाची आशा न धरता केलेले कर्म. साधना हेच साध्य मानले, तर यशापयशाचा प्रश्नच निकालात निघतो. चित्रपटातील माई हेच सांगतात. सुमित्रा भावे यांच्या आवाजातील हे उपदेश इतके शांत आणि निश्चयी आहेत की प्रेक्षकालाही त्यांची भूल पडावी. परंतु चित्रपटाची खरी सूक्ष्मता या भुलीच्या चिकित्सेत आहे. माईंना मैफली नकोत, कीर्ती नको, ध्वनिमुद्रण नको. मात्र त्यांना संपूर्ण शुद्धता हवी. फळाचा त्याग करणारी ही वृत्ती महत्त्वाकांक्षेचा त्याग करीत नाही. ती तिला अधिक उंच आणि अधिक निर्दय करते. लौकिक यशाची निदान एक मर्यादा असते. शुद्धतेला ती नाही. शरद आयुष्यभर अशा एका परीक्षेला बसतो, जिचा निकाल कधी लागणारच नसतो.

मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याच्या परिसरातून आलेल्या काही विद्यार्थ्यांसमवेत हा चित्रपट पाहण्याचा योग आला. चर्चेत एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हा गातो कुणासाठी?” प्रश्न भाबडा वाटला, तरी तो तसा नव्हता. विचारणाऱ्याच्या घरी तारपा वाजवला जातो.

दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण यांपासून घडवलेले हे वाद्य जव्हार-मोखाड्यात भातकापणीच्या सुमारास घुमू लागते. वादक श्वास न तोडता वाजवीत राहतो. हातात हात गुंफलेले स्त्री-पुरुष त्याच्याभोवती फिरत राहतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. येथे श्रोता म्हणून वेगळा बसलेला कोणी नसतो, आणि त्यामुळे निकाल देणाराही नसतो. वादनाची कसोटी नाचणाऱ्यांच्या पायांत असते : पाय थांबले नाहीत, तर वादन चांगले झाले. वादक थकला, तर दुसरा तारपा हाती घेतो. त्यात कोणाचा पराभव होत नाही.

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी कल्पिल्या. त्या कोटींमधील भेद केवळ स्वररचनेचा नाही, तो नैतिक संबंधांचाही आहे, असे मला सुचवावेसे वाटते. कलासंगीतात गाणाऱ्याचे ऋण परंपरेशी असते आणि परंपरा कधीच ‘पुरे’ म्हणत नाही. तारप्याचे ऋण समोरच्या माणसांशी असते, आणि ते त्या रात्रीपुरते फिटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शहरी महत्त्वाकांक्षेने शिणलेल्या समीक्षकाने आदिवासी समूहात निरागस तृप्ती शोधावी, ही आपल्याकडील जुनीच खोड आहे. खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी बाहेर पडतात. भिवंडी, वसईपर्यंत जातात. सुगीचा नाच आणि हे स्थलांतर यांत अंतर फार थोडे असते. तारपा वाजवणाऱ्या तरुणाला महत्त्वाकांक्षा नसते असे म्हणणे म्हणजे ती बाळगण्याची सवड त्याला मिळत नाही, हे झाकणे होय. शरदला वर्षानुवर्षे अपयशी होता येते, कारण त्याला मुंबईत घर आहे आणि त्याची काळजी वाहणारी आजी आहे. अपयशी होण्याचे स्वातंत्र्य हीसुद्धा मिळकत असते आणि तिची वाटणी समान झालेली नाही.

तेव्हा तारपा हा शरदच्या प्रश्नावरचा उपाय नव्हे. तो केवळ प्रश्नाची जागा बदलून देतो. ‘तो यशस्वी झाला का?’ हा विल्यम्स यांचा प्रश्न, ‘तो निष्काम होता का?’ हा माईंचा. विद्यार्थ्याचा प्रश्न तिसरा होता : याच्या साधनेत दुसरे माणूस कोठे आहे?

या प्रश्नाच्या प्रकाशात चित्रपटातील तीन प्रसंग वेगळे दिसू लागतात. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माई आणि वडील यांच्याविषयीच्या दंतकथा मोडून काढतो, तेव्हा शरद हातातला ग्लास त्याच्या अंगावर रिकामा करतो. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर फ्यूजनच्या गटात गाऊ इच्छिणाऱ्या शिष्याला तो कठोरपणे दाराबाहेर काढतो. आणि शेवटी तो मैफल अर्धवट सोडतो. प्रचलित दृष्टीने पहिले दोन प्रसंग निष्ठेचे आणि तिसरा पराभवाचा. माझ्या मते मूल्यमापन उलट व्हावयास हवे. शिष्याला हाकलताना शरद परंपरेचे रक्षण करीत नाही. वडिलांनी जे न फिटलेले ऋण त्याच्या खात्यावर मांडले, तेच तो एका मुलाच्या खात्यावर वर्ग करू पाहतो. मैफल सोडताना मात्र तो प्रथमच ते ऋण कोणाकडेही सरकवीत नाही. आपल्याला जमले नाही, हे तो स्वतःच्या नावावर लिहून घेतो.

अपयश हा नैतिक दोष नव्हे. आपल्या अपयशाची वसुली दुसऱ्याकडून करणे हा दोष आहे. म्हणूनच महत्त्वाकांक्षेचे समर्थन यशात नाही आणि त्यागातही नाही. तिची किंमत कोण मोजतो आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहण्यात ते आहे.

चित्रपटाच्या शेवटी संसारी झालेला शरद पत्नी आणि मुलीसह लोकलमधून चालला आहे. एक लोकगायक डब्यातून गात पुढे सरकतो. त्याच्या गाण्याला शुद्धतेची चिंता नाही. त्याला ऐकणाऱ्याकडून काही हवे आहे आणि तो ते मोकळेपणी मागतो. शरद त्याच्याकडे पाहत राहतो. त्याच्या नजरेत हेवा आहे की सुटका, हे दिग्दर्शक सांगत नाही. ‘हा गातो कुणासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर समोरून चालत जात असताना शरद ते निदान पाहतो आहे, एवढे मात्र दिसते.