जीप कुणाची?

‘‘रांजणगावात बनलेल्या कंपासला जीप म्हणवत नाही बुवा,’’ मामा म्हणाला. ‘‘त्याच छपराखाली टाटांची नेक्सॉनसुद्धा बनते. जीप म्हणजे ओहायोतलं टोलेडो, विलीसचा कारखाना.’’

‘‘पण पहिला नमुना 1940 साली बॅंटमने केला ना? छोट्या कंपनीला इतक्या गाड्या झेपायच्या नाहीत म्हणून अमेरिकी लष्कराने तो विलीस आणि फोर्डला दाखवला. पुढे विलीसच्याच आराखड्यावर फोर्डने पावणेतीन लाखांवर जीपा काढल्या. त्या खोट्या?’’

‘‘खोट्या कशा? फोर्डने बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ उठवला होता. जुन्या जीपा उभ्या करणारे लोक आजही तेच बोल्ट शोधत भंगारबाजार पालथा घालतात.’’

‘‘विलीसचा बोल्ट बसत नाही का?’’

‘‘बसतो की! सुटे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत, ही लष्कराची अट होती. पण काम कुणाचं, ते लपवलं नव्हतं.’’

‘‘कंपासचा चॅसी नंबरही भारतातल्या गाड्यांसारखा ‘एम’नेच सुरू होतो. लपवलंय कुठे? माझ्या मते प्रश्न वेगळाच आहे. पार्टमध्ये खोट निघाली तर लाइन थांबवायची हिंमत आणि अधिकार कुणाकडे? तो ज्याच्याकडे, गाडी त्याची.’’

‘‘अगं, तो अधिकारही विकला जातो. 1953 मध्ये विलीस कायझरकडे गेली, मग जीप 1970 मध्ये एएमसीकडे, 1987 मध्ये क्रायसलरकडे, आता स्टेलांटिसकडे. टोलेडोत मात्र अजून जीप बनतेय. मालक बदलले, हात तिथेच राहिले.’’

हे मला बिनतोड वाटलं. नाव कागदावर एका सहीने फिरतं, पण वेल्डिंगची नजर तशी फिरत नाही. तरी मी सोडलं नाही.

‘‘हातच मोजायचे तर महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत विलीसच्या जीपा जोडल्या. नाशिकला बनणारी थार त्याच घराण्यातली. पण अमेरिकेत त्यांच्या रॉक्सरवर जीपच्या रूपाची नक्कल केल्याचा ठपका आला आणि 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जुन्या रूपातली रॉक्सर विकायला मनाई केली. म्हणजे सत्तर वर्षं हात घातलेल्यांना नाव नाही, आणि नाव मिळालेल्यांचे हात तुला चालत नाहीत.’’

मामा जरा घुटमळला. ‘‘थारला मी जीपच म्हणतो.’’

‘‘आणि तिथल्या आयोगाचं म्हणणं?’’

‘‘आयोगाने रूपाचा हक्क ठरवला. गाडीची जात तो कशी ठरवणार?’’

‘‘मग रांजणगावच्या गाडीची जात तू कशी ठरवलीस?’’

‘‘चालवून ठरवतो. किल्ली दे.’’