दोष कुणाचा?

दूध उतू गेलं की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो ‘लक्ष कुणाचं होतं?’ एक नाव मिळालं की चौकशी संपते, ओटा पुसला जातो आणि चार दिवसांनी दूध पुन्हा उतू जातं.

अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत एच. ए. वॉटसन यांनी १९६२च्या सुमारास मिनिटमन क्षेपणास्त्राच्या सुरक्षिततेसाठी ‘फॉल्ट ट्री’ हे दोषांचं झाड काढलं. शेंड्यावर अनर्थ, खाली कारणं. कारणं ‘किंवा’ने जोडलेली असली तर एक पुरे, ‘आणि’ने असली तर सगळी जमावी लागतात.

दुधाला आच मोठी हवी ‘आणि’ पाहणारं कुणी नको. पाहणारी माणसं दोन, प्रत्येक जण दहांत एकदा चुकणारा. म्हणजे दोघंही चुकणार शंभरांत एकदाच. हिशेब चोख! पण दोघं स्वतंत्रपणे चुकली तर. घरात तो म्हणतो ‘ती आहे’, ती म्हणते ‘तो आहे’. पहारा दुप्पट, डुलकीही दुप्पट.

म्हणजे सगळेच सुटले म्हणायचे? छे हो! ‘आणि’तली एक जरी गोष्ट कुणी सांभाळली असती, तरी दूध पातेल्यातच राहिलं असतं. तेव्हा दोष वाटून घेतला तरी कुणाच्या वाट्याला अर्धा येत नाही. प्रत्येकाला अख्खाच येतो. एकावर ढकलणं त्यापेक्षा फारच स्वस्त पडतं. म्हणूनच ती पद्धत टिकून आहे.