न केलेल्या कर्माचे उत्तरदायित्व

एखाद्या मोठ्या संगणकप्रणालीचा मूळ कर्ता ती सोडून जातो आणि दुसरा डेव्हलपर तिचा भार स्वीकारतो, तेव्हा जे कर्म आपण केले नाही त्याच्या फळाला आपण उत्तरदायी का ठरावे, हा जुना तात्त्विक प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. अशा प्रणालीला व्यवहारात ‘लेगसी’ म्हणतात. म्हणजे जी वर्षानुवर्षे चालत आली आहे, जिच्यावर रोजचे व्यवहार विसंबून आहेत, परंतु जिची घडण जाणणारी माणसे पांगली आहेत.

न्यायदर्शनाने बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मतावर, आक्षेप घेताना दोन दोष दाखवले आहेत : केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे म्हणजे ‘कृतहान’, आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्या वाट्याला येणे म्हणजे ‘अकृताभ्यागम’. हे दोष टाळण्यासाठी नैयायिकांनी नित्य आत्मा मानला, तर बौद्धांनी ‘संतान’, म्हणजे कार्यकारणभावाने जोडलेल्या क्षणांची अखंड धारा मानली. परंतु जाणारा आणि येणारा डेव्हलपर यांच्यात ना एक आत्मा आहे, ना एक संतान. त्यामुळे पहिल्याने घाईत सोडलेल्या चुका दुसऱ्याने रात्र जागून निस्तराव्यात, यात दोन्ही दोष एकाच वेळी घडतात.

याचे उत्तर दर्शनांपेक्षा धर्मशास्त्रात अधिक स्पष्टपणे सापडते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘रिक्थग्राह’, म्हणजे मृताची संपत्ती घेणारा, त्याच्या ऋणालाही बांधील मानला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर पित्याच्या नव्या ऋणासाठी पुत्रावर दावा लावण्याचा मार्ग बंद केला. तरीही वारसाने संपत्ती स्वीकारली असेल, तर तिच्या मर्यादेपर्यंत देणे चुकत नाही. येथे उत्तरदायित्वाचे मूळ कर्तृत्वात नसून स्वीकारात आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये प्रणालीच्या रचनेतील अपुऱ्या कामाला कर्जाची उपमा दिली, तेव्हा वेळेवर न फेडलेल्या कर्जाचे व्याज पुढील प्रत्येक कामावर चढत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या कर्जातून उभ्या राहिलेल्या प्रणालीवर जो आज उपजीविका करतो, त्याला ते कर्ज परके म्हणता येत नाही.

मात्र फेडण्यापूर्वी ऋण ओळखावे लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. समजा, हिशेबाच्या एका प्रणालीत ३१ मार्चचे ठरावीक व्यवहार दुसऱ्या दिवशी नोंदवणारी एक अट आहे आणि ती का घातली याची कोठेही नोंद नाही. नव्या माणसाला ती चूक वाटते, तो ती काढून टाकतो, आणि पुढच्या वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही. कारण त्या एका ओळीमागे बँकेशी ठरलेली व्यवस्था होती आणि ती केवळ गेलेल्या माणसाच्या ध्यानात होती. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मधील निबंधात असे प्रतिपादन केले की, प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेला कोड नव्हे, तर तो रचणाऱ्यांच्या मनात घडलेली समज होय. ती समज बाळगणारा गट विखुरला की प्रोग्राम मृत होतो, आणि निव्वळ कागदपत्रांवरून ती समज पुन्हा उभी करता येत नाही. ती सहवासातून, बरोबर काम करता करता संक्रमित होते.

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणांसह जन्मतो असे सांगताना ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने, फेडावयाचे मानले आहे. नव्या डेव्हलपरचे पहिले कर्तव्यही अध्ययनाचेच आहे, आणि जाणाऱ्याचे अध्यापनाचे. कारण शिकवून गेलेल्याचे कर्म वाया जात नाही. तथापि स्वीकार म्हणजे अंधपणे वाहणे नव्हे. मद्य आणि द्यूत यांसाठी पित्याने केलेले ऋण पुत्राने फेडू नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीच सांगते. तद्वत जो कोड कोणाच्याही उपयोगाचा नाही, तो काढून टाकणे हा वारसाचा अधिकार आहे; परंतु समजून घेण्याआधी टाकण्याचा अधिकार कोणत्याही वारसाला नाही.