यादी मोठ्याने वाचा

महाराष्ट्रातल्या माणसांची माहिती असलेला एखादा जुना डेटाबेस उघडावा आणि जन्मतारखेनुसार मोजणी करावी. १ जून या तारखेचा आकडा इतर तारखांच्या कितीतरी वर गेलेला दिसतो. कारण सर्वांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या पालकाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, सेवापुस्तकात, पॅन कार्डावर चढली आणि तिच्यावरूनच निवृत्तीचा दिवस ठरला. संगणकाला यात काहीच वावगे वाटत नाही. रकाना भरलेला आहे, तारीख कॅलेंडरात आहे, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या आहेत.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर आमचा डेटाबेसचा धंदा आजही उभा आहे. त्याचे बळ नोंदी एकमेकींशी जुळवण्यात आहे. पण नोंदी आपसात जुळल्या म्हणजे त्या खऱ्या असतात असे नाही. डेटा ‘क्लीन’ आहे असे आम्ही बिनदिक्कत लिहून देतो, तेव्हा आम्ही फक्त पहिल्या गोष्टीची हमी देत असतो. लोक मात्र ती दुसऱ्या गोष्टीची समजतात.

सातबाऱ्याचेच पाहा. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल तर संगणक ते क्षणात दाखवतो. पण वारसनोंदीच्या फेरफारात बहिणीचे नाव गाळून सगळी जमीन भावांच्या नावे लावली, तर बेरीज चोख जुळते. ही चूक पकडणारी क्वेरी लिहिता येत नाही, कारण जे नाव कधी आलेच नाही ते शोधायचे कशात? त्या घरात किती भावंडे आहेत हे गावाला माहीत असते.

म्हणून २०१७ साली महसूल विभागाने संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन घेतले, ते मला तांत्रिकदृष्ट्याही योग्य वाटते. राजस्थानात याची ताकद आधीच दिसली होती. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये कोट किराणा इथे जनसुनवाई घेऊन सरकारी कामांची हजेरीपत्रके लोकांसमोर वाचली. कागदावर बिनचूक असलेल्या नोंदी खोट्या असल्याचे लोकांनीच सांगितले. पुढे रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूद आली.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला खासगीपणाचा. रुग्णाचा आजार किंवा कुणाच्या बँकेतली शिल्लक चावडीवर वाचायची नसते. तिथे ज्याची नोंद त्यालाच ती दाखवावी, पण दाखवावी. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चावडीवर आवाज कुणाचा चालतो? जिचे नाव गाळले ती बहीण सासरी असते, आणि गावात असली तरी भावांसमोर उठून बोलेलच असे नाही. तेव्हा वाचनाबरोबरच तिला एकटीने हरकत नोंदवण्याची सोयही हवी. पण त्यासाठी वाचन टाळणे हा उपाय नव्हे. ते टाळले तर तिला पत्ताही लागणार नाही.

दुरुस्तीची वाटही तितकीच महत्त्वाची. लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तेवढेही नसते. ‘सिस्टिममध्ये असंच आहे’ हे खिडकीवरचे उत्तर अंतिम ठरते. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालण्याची पाळी माणसावर येते, आणि चूक मात्र आमच्या सर्व्हरवर सुरक्षित राहते, रोज रात्री बॅकअपसह.

माझे व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच: प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सर्व्हरचा आणि लायसन्सचा खर्च धरता, तसा यादी वाचून दाखवण्याचा आणि हरकती निकाली काढण्याचाही धरा. ज्यांची नोंद आहे त्यांनी ती तपासलेली नसेल, तर डेटा तयार आहे असे सही करून देऊ नका.